डिंगलच्या रस्त्यावरील प्राचीन दगडी झोपड्या: थांबून पाहाव्यात का, आणि कशा पाहाव्यात?

मांजराकाठ (लातूर) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमची कन्या व जावई आयर्लंडमधील कॉर्क शहरात असतात आणि येत्या सप्टेंबरात आम्ही पती-पत्नी त्यांच्याकडे जाणार आहोत. जावईबापूंनी आम्हाला केरी परगण्यातील डिंगल द्वीपकल्पावर न्यायचे ठरवले आहे. तेथे स्ली हेड ड्राइव्ह नावाचा समुद्राला लागून जाणारा रस्ता आहे आणि त्या रस्त्याच्या कडेच्या डोंगरउतारावर, चुना किंवा माती न वापरता रचलेल्या, घुमटाकार दगडी झोपड्या आहेत, असे त्यांनी सांगितले. छायाचित्रे पाहिल्यापासून मला त्या झोपड्यांचीच ओढ लागली आहे. घरातील इतरांचा कल मात्र समुद्र पाहत पुढे जाण्याकडे आहे आणि झोपड्यांसाठी फार तर दहा मिनिटे पुरतील, असे त्यांचे म्हणणे आहे.

माझे लहानपण औसा तालुक्यात, माळवदाच्या दगडी घरात गेले. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात दगडी भिंतीकडे पाहण्याची लोकांची नजरच बदलली, हे आपणापैकी अनेकांना ठाऊक असेल. म्हणून माझा मुख्य प्रश्न असा आहे की, जोडायला काहीच न वापरता केलेले हे बांधकाम शेकडो वर्षे उभे कसे राहिले? त्या झोपड्यांत कोण राहत असे? आणि एका दिवसात काय पाहावे व काय सोडावे? सौभाग्यवतींना गुडघ्यांचा त्रास आहे, तेही कृपया लक्षात घ्यावे.

गोदातीर (नांदेड)

नमस्कार काका. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे लिमरिकला होतो आणि पाहुणे आले की त्यांना या रस्त्याने घेऊन जाणे हे माझे ठरलेले काम असे. त्यामुळे आधी प्रवासाचे सांगतो.

स्ली हेड ड्राइव्ह हा डिंगल गावातून निघून पुन्हा डिंगललाच येऊन मिळणारा, सुमारे ४७ किलोमीटरचा वळसा आहे. अंतर ऐकून तासाभराचे काम वाटते, परंतु रस्ता अरुंद आहे, एका बाजूला दगडी बांध व दुसऱ्या बाजूला थेट समुद्र अशी त्याची काही वळणे आहेत आणि दर दोन-तीन किलोमीटरवर थांबावेसे वाटेल असे काहीतरी समोर येते. मोठ्या पर्यटक बस घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे डिंगलहून आधी व्हेंट्री गावाकडे व मग स्ली हेडकडे जातात. आपणही त्याच दिशेने जावे. उलट गेल्यास कड्याच्या वळणावर बस समोर येते आणि मग कोणाला तरी बरेच अंतर मागे यावे लागते. आयर्लंडमध्ये वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे शेजारी बसणाऱ्यालाही फारसे बुजल्यासारखे होत नाही. कॉर्क ते डिंगल हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. जाऊन-येऊन एका दिवसात होते, पण आपल्याला झोपड्या मनापासून पाहायच्या असतील तर डिंगलला एक मुक्काम करावा, असा माझा आग्रह राहील.

झोपड्यांचा मुख्य समूह फाहन या भागात, माउंट ईगल या ५१६ मीटर उंचीच्या डोंगराच्या दक्षिण उतारावर आहे. रस्त्यालगत पाट्या दिसतात. जमीन खाजगी आहे; शेतकरी कुटुंबे प्रत्येकी काही युरो घेऊन आत सोडतात, तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवावेत. तेथे मेंढ्या चरत असतात. त्यामुळे वाटेतील फाटक उघडे असेल तर उघडे व बंद असेल तर बंद, जसे असेल तसेच ठेवून पुढे जायचे. हा तिथला पाळला जाणारा रिवाज आहे. झोपडीच्या भिंतीवर चढून छायाचित्र काढण्याचा मोह तरुण मंडळींना होतो. तो कृपया आवरावा. आधीच सैल झालेला एक दगड पायाखाली सरकला तर त्याच्यावरचे चार दगड त्याच्या मागे येतात.

माझ्या मते तेथे किमान एक तास द्यावा. कातेर ना गकोनखूरख, ज्याला इंग्रजी वळणाने काहेर कोनर म्हणतात, हे ठिकाण सर्वांत चांगले आहे: भोवताली गोल, जाड दगडी कोट आणि त्याच्या आत एकमेकींना लागून असलेल्या झोपड्या. एका झोपडीतून दुसरीत जाण्यासाठी वाकून जावे लागेल इतकी बुटकी वाट आहे. काहींची छपरे पडलेली आहेत, काही पूर्ण आहेत. छप्पर पडलेली झोपडी सोडून पुढे जाऊ नका, कारण भिंत किती जाड आहे व तिच्या आत काय आहे, हे तिथेच दिसते.

फाहनच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला डनबेग नावाचा कड्यावरचा दगडी कोट आहे. २०१४ च्या हिवाळी वादळांत त्याचा काही भाग समुद्रात कोसळला व पुढेही त्याची हानी झाली, म्हणून तेथे आत जाता येते का, हे डिंगलमध्येच विचारून निघावे. झोपड्यांच्या पुढे लगेच एका वळणावर ओढ्याचे पाणी रस्त्यावरून वाहते. रस्ता तेथे मुद्दाम तसाच फरसबंद केलेला आहे, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. गाडी हळू घ्यायची एवढेच.

बालाघाट (धाराशिव)

काकांच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी स्थापत्य अभियंता आहे आणि किल्लारी परिसरातील जुन्या घरांच्या मजबुतीकरणाचे काम जवळून पाहिलेले आहे.

या झोपड्यांमध्ये कमान नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. दगडांचा एक गोल थर मांडायचा, त्यावरचा थर आतल्या बाजूला काही बोटे पुढे काढायचा, त्यावरचा आणखी थोडा पुढे, असे करीत वरचे तोंड लहान लहान होत जाते आणि शेवटी एक-दोन सपाट दगड ठेवून ते झाकले जाते. पुढे काढलेला दगड आत का पडत नाही? एक तर त्याचा निम्म्याहून अधिक भाग भिंतीत मागे राहतो आणि त्या मागच्या भागावर वरच्या थरांचे वजन बसते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे: थर गोल असल्यामुळे प्रत्येक दगड आत सरकू पाहतो तेव्हा तो आपल्या दोन्ही शेजाऱ्यांना दाबतो, आणि सगळे मिळून एक आवळलेले कडे तयार होते. म्हणूनच हे बांधकाम करताना खालून लाकडी सेंटरिंग, म्हणजे तात्पुरता आधार, लागत नाही. प्रत्येक पूर्ण झालेला थर स्वतःच्या बळावर उभा असतो. माथ्याचा दगड काढला तरी झोपडी पडत नाही. वादळी वाऱ्याच्या या किनारपट्टीवर मोठी झाडे विरळ आहेत. तुळया व वासे दुर्मीळ असलेल्या प्रदेशात लाकडाशिवाय छप्पर घालण्याची ही युक्ती फार मोलाची होती.

काका, आपण तेथे गेलात की आत उभे राहून वर पाहण्याआधी बाहेरून भिंतीजवळ जाऊन एका दगडाची बैठक पाहा. दगड सपाट ठेवलेला नसतो. त्याचा बाहेरचा काठ आतल्या काठापेक्षा किंचित खाली असतो. पावसाचे पाणी प्रत्येक थरावरून बाहेरच ओघळावे म्हणून हा उतार दिलेला आहे. दोन दगडांच्या फटीत ठोकून बसवलेल्या बारीक चिपाही दिसतील. आपले वडार व गवंडी कोरड्या बांधाला अशाच चिपा मारतात.

आता किल्लारीविषयी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जी घरे पडली, त्यांच्या भिंती दोन-अडीच फूट किंवा त्याहूनही जाड होत्या, तरी त्या पडल्या. बाहेरचा एक दर्शनी थर, आतला एक दर्शनी थर आणि मध्ये माती व दगडांचे तुकडे, अशी त्या भिंतींची रचना होती. दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड त्यांत बहुधा नव्हते. आपला काळा पाषाण सहजासहजी सपाट फुटत नाही. न घडवलेले गोलसर दगड मातीत बसवलेले होते. जमीन हादरताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, बाहेर फुगले आणि वरचे माळवद, म्हणजे लाकडावरचा मातीचा तो प्रचंड भार, झोपलेल्या माणसांवर आला. त्या रात्रीचे दुःख मनात असणाऱ्या माणसाला दगडी छपराखाली उभे राहताना धास्ती वाटणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच आपला प्रश्न मला फार योग्य वाटला.

डिंगलच्या बाजूचा दगड वालुकाश्म आहे व तो थरांवर सपाट फुटतो. लांब, चपटे दगड मिळाले की ते भिंतीत खोलवर जातात व एकमेकांना धरतात. हा पहिला फरक. वजन वाटून घेणारी गोल आखणी हा दुसरा. तिसरा फरक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा: आयर्लंडमध्ये मोठे भूकंप जवळजवळ होतच नाहीत. त्यामुळे या झोपड्या टिकल्या, एवढ्यावरून चुना-मातीशिवायचे दगडकाम भूकंपात सुरक्षित असते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्या वारा, पाऊस आणि स्वतःचे वजन यांना पुरून उरल्या आहेत आणि तेवढे श्रेय त्यांना पुरेपूर द्यावे.

याच रस्त्याच्या पुढच्या टप्प्यात गॅलरस ऑरेटरी नावाचे छोटे प्रार्थनागृह आहे, ते कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये. तंत्र तेच, पण आखणी गोल नसून आयताकृती आहे. आतून ते सुमारे साडेचार मीटर लांब व तीन मीटर रुंद भरते. दोन्ही लांब भिंती खालपासूनच आत झुकत जातात आणि वर एका रेषेत मिळतात. आयतात गोल कड्याचा आधार मिळत नाही, म्हणून लांब भिंतीचा मधला भाग दुबळा राहतो. या जातीची इतर प्रार्थनागृहे बहुतेक मध्यभागीच कोसळलेली आहेत. गॅलरस उभे आहे, कारण त्याचे दगड फार काळजीपूर्वक निवडून, घडवून, एकमेकांशी जुळवून बसवलेले आहेत. तरीही बाजूला उभे राहून माथ्याची रेषा नीट पाहिली, तर मध्यावर ती किंचित खाली बसलेली दिसते. आधी फाहनच्या गोल झोपड्या व नंतर गॅलरस, या क्रमाने पाहिल्यास हा सगळा हिशेब डोळ्यांसमोर उलगडतो, आणि सुदैवाने रस्त्याचा क्रमही तोच आहे.

मांजराकाठ (लातूर)

आपणा दोघांचेही मनापासून आभार. बालाघाट सरांनी दोन थरांच्या भिंतीविषयी जे लिहिले ते वाचताना आमच्या गावातील उघडी पडलेली प्रत्येक भिंत आठवली. त्या भिंती जाड असूनही का पडल्या, हे इतक्या स्पष्ट शब्दांत मला प्रथमच कळले. आता घरच्यांना दहा मिनिटांच्या ऐवजी एक तास मागण्यास मजजवळ कारण आहे.

एक शंका राहते. काही पर्यटन पत्रकांत या झोपड्या प्रागैतिहासिक आहेत असे म्हटले आहे आणि काही ठिकाणी त्या ख्रिस्ती भिक्षूंच्या आहेत असे लिहिले आहे. यातील खरे काय मानावे?

वेरूळवाट (छत्रपती संभाजीनगर)

मी इतिहास शिकवतो, म्हणून या शंकेत थोडे लक्ष घालतो. दगडावरून दगड रचल्याचे वय काढता येत नाही. आत सापडलेली चूल, कोळसा, हाडे, भांडी यांवरूनच काळाचा अंदाज बांधता येतो आणि ज्या झोपड्या पिढ्यान्पिढ्या वापरल्या, दुरुस्त केल्या, पुन्हा रचल्या, त्यांच्याबाबतीत तोही अवघड होतो. फाहन परिसरात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर झालेल्या पाहणीत चारशेहून अधिक झोपड्यांची नोंद झाली होती. त्या सगळ्या एकाच काळातल्या असणे शक्य नाही. साधारणपणे अभ्यासक त्यांना आरंभीच्या मध्ययुगात व त्यानंतरच्या शतकांत ठेवतात. याच पद्धतीची लहान बांधकामे जनावरांसाठी व सामान ठेवण्यासाठी अगदी अलीकडच्या काळापर्यंत होत राहिली. ‘प्रागैतिहासिक’ हा शब्द पाटीवर दिसला तरी तो सर्व झोपड्यांना लावू नये. गॅलरसविषयीही असेच मतभेद आहेत: कोणी ते सातव्या-आठव्या शतकातले मानतात, तर कोणी थेट बाराव्या शतकापर्यंत खाली आणतात.

राहणारे कोण, याचेही उत्तर एक नाही. कोटाच्या आतील, एकमेकींना जोडलेल्या झोपड्या या शेतकरी कुटुंबांच्या वस्त्या असाव्यात, असे मानण्यास जागा आहे. तेथे माणसे, धान्य व जनावरे एकाच कोटात राहत. भिक्षूंच्या झोपड्यांचे खरे ठिकाण म्हणजे केरीच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर समुद्रात उभा असलेला स्केलिग मायकल हा खडक. तेथे सहा घुमटाकार कुट्या शाबूत आहेत आणि १९९६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. त्या कुट्या बाहेरून गोलसर आहेत, पण आतून चौकोनी आहेत.

येथे मला आपल्या मराठवाड्याची आठवण होते, आणि ती केवळ अभिमानापोटी होते असे नाही. पितळखोऱ्याला किंवा अजिंठ्याला विहाराच्या भिंतीत भिक्षूंसाठी कोरलेल्या खोल्या पाहिल्या असतील, तर त्यांचे माप आठवा: एक माणूस झोपेल एवढी जागा, काही ठिकाणी दगडातच ठेवलेला ओटा, आणि एकच बुटके दार. पितळखोऱ्याची लेणी ख्रिस्तपूर्व काळातली, स्केलिगच्या कुट्या त्यानंतर कित्येक शतकांनी, हजारो मैल दूर झालेल्या; एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पण संसार सोडलेल्या माणसाला किती जागा पुरते, याचे दोन्हीकडचे उत्तर जवळजवळ सारखेच आले. आपल्याकडे डोंगरातून दगड काढून टाकून ती जागा केली आणि तिकडे दगडावर दगड ठेवून.

काकांना एक सुचवतो. विमानात बसण्यापूर्वी एक दिवस काढून आपल्याच तालुक्यातील खरोसा लेणी पुन्हा पाहून घ्या. ती जांभ्या खडकात कोरलेली आहेत, त्यामुळे खडकाच्या जातीने कामावर काय मर्यादा येतात हे तेथे चांगले कळते. वेरूळची रेखीव मूर्ती जांभ्यात तशी उतरत नाही. तेथून पुढे निलंग्याला जाऊन नीलकंठेश्वराच्या मंडपात उभे राहून वर पाहा. चुन्याशिवाय, केवळ घडीव दगड थराथराने पुढे काढून वरची पोकळी झाकण्याचे जे तत्त्व बालाघाट यांनी समजावले, तेच आपल्या चालुक्य व यादव काळातील मंदिरांच्या छतांत आहे. आपल्या कारागिरांनी दगड घडवून त्यावर नक्षी केली. डिंगलच्या शेतकऱ्याने शेतातून निघालेला चपटा दगड जवळजवळ तसाच वापरला. दोन्ही पाहिलेल्या माणसाला फाहनची झोपडी परकी वाटणार नाही.

गॅलरसच्या जवळ रियास्क येथे एका जुन्या मठाचे अवशेष आहेत. तेथे झोपड्यांचे फक्त पाये उरले आहेत, पण क्रूस व वळणदार रेषा कोरलेला एक उभा दगड आहे, त्यासाठी पाच-दहा मिनिटे अवश्य थांबावे. किलमाल्केडर येथील बाराव्या शतकातील चर्चच्या आवारात ओघम या प्राचीन आयरिश लिपीतील लेख असलेला, माथ्यावर आरपार भोक असलेला दगड आहे. ओघम लिपीत अक्षरे दगडाच्या कडेवर आडव्या-तिरप्या रेघा मारून लिहितात. शिलालेखांची आवड असणाऱ्याने ती जवळून पाहावी.

गोदातीर (नांदेड)

काकूंच्या गुडघ्यांविषयी लिहायचे राहून गेले होते. फाहनच्या झोपड्यांकडे जाणारी वाट गवताळ चढाची आहे. अंतर थोडे आहे, पण पाऊस झाल्यावर ती निसरडी होते आणि पाऊस तेथे सप्टेंबरातही केव्हाही येतो. चांगली पकड असलेले बूट व एक काठी जवळ असावी. चढ जमत नसेल तर काकूंनी आग्रह धरू नये, कारण गॅलरसला सपाट, आखलेली वाट आहे आणि तेथे त्यांना तेच बांधकाम अधिक सुबक रूपात पाहता येईल. गॅलरस सरकारी देखरेखीखाली आहे व ते पाहण्यास शुल्क नाही; शेजारच्या खाजगी केंद्रात मात्र वाहन लावणे व इतर सोयी यांचे पैसे घेतले जातात.

स्केलिग मायकलचा विचार या खेपेस सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सांगेन. तेथे सहाशेहून अधिक उघड्या दगडी पायऱ्या आहेत, कठडा नाही, आणि समुद्र खवळला की नाव सुटतच नाही. त्याऐवजी याच रस्त्यावरील डून खीन गावातील ब्लास्केट केंद्रात थोडा वेळ बसावे. समोर दिसणाऱ्या ग्रेट ब्लास्केट बेटावरची शेवटची वस्ती १९५३ मध्ये उठवली गेली. तिथल्या माणसांचे जगणे त्या केंद्रात फार आस्थेने मांडलेले आहे, आणि बसायला भरपूर जागाही आहे.

वेळेचे गणित असे करता येईल: डिंगलहून सकाळी लवकर, बस येण्यापूर्वी निघावे, फाहनला पहिला मोठा थांबा घ्यावा, दुपारपर्यंत डून खीनला पोहोचून जेवण करावे आणि गॅलरस दुपारनंतरसाठी ठेवावे. त्याचे दार पश्चिमेला असल्यामुळे उतरते ऊन आत येते आणि भिंतींचे दगड स्पष्ट दिसतात. सप्टेंबरच्या मध्यावर तेथे सूर्य संध्याकाळी आठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाई होणार नाही. आणखी एक गोष्ट: या भागात आयरिश भाषा बोलली जाते व रस्त्यावरील पाट्यांवर गावांची नावेही प्रामुख्याने त्याच भाषेत असतात. डिंगलसाठी ‘अन डांगन’ व गॅलरससाठी ‘गलारस’ ही नावे जावईबापूंना आधीच सांगून ठेवावीत. आयर्लंडचा व्हिसा युरोपच्या शेंगेन व्हिसापेक्षा वेगळा असतो. कन्येने अर्जाची तयारी सुरू केली नसेल, तर आता उशीर करू नये.